वजडी-कलेजीचा बर्गर फसतोय? या चुका टाळा

बोकडाची वजडी (पोटाची पिशवी), कलेजी, गुर्दा, दिल हे सगळं आपल्याकडे बऱ्याच घरांत आवडीने खाल्लं जातं. तेच पावात घालून गाडीवर विकायचं म्हटलं की पहिली चूक होते ती सगळ्याला खिमा समजण्याची. मालवणात गाडी लावली तेव्हा मीही सगळं एकत्र दळून टिक्क्या थापल्या होत्या. कलेजी पाणी सोडायची, वजडी चिवट राहायची आणि टिक्की उलथण्याआधीच फुटायची.

सगळ्यात जास्त फसते ती वजडी, आणि ती फसते धुण्यात. नुसत्या पाण्याने वास जात नाही. गरम पाण्यात थोडा खायचा चुना घालून, चोळून, सुरीने काळी साल खरवडून काढायची आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. मग हळद-मीठ-आलं घालून कुकरला लावायची. शिट्ट्या मोजू नका, बोकड जून की कोवळा यावर वेळ ठरते. चिमटीत धरल्यावर तुकडा तुटला की झाली. शिजताना तिच्यातला चिकट भाग सुटतो, म्हणून थंड झाल्यावर ती थिजते. याचा फायदा घ्या. बारीक चिरून, मालवणी मसाल्यात कोरडी परतून, डाळ्याचं पीठ मिसळून ताटात दाबून बसवा आणि थंड करा. मात्र ती वडी तशीच तव्यावर टाकलीत तर थिजलेलं वितळून सगळं पसरतं. बांगड्याला लावतो तसा रवा आणि तांदळाचं पीठ लावूनच तळा. बाहेर कुरकुरीत, आत मऊ असा हा बर्गर मला तरी बाकी सगळ्यांपेक्षा सरस वाटतो.

कलेजी दळू नका. पातळ काप करा, वरचा पापुद्रा आणि नळ्या काढा. पित्ताची पिशवी चिकटलेली असेल तर न फोडता काढायची. फुटली तर ती कडू कलेजी फेकून द्यावी लागते. जास्त वेळ भाजली की कलेजी कडक आणि रवाळ होते, पण कच्ची ठेवणंही धोक्याचं. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. आतलं तापमान 71 अंश सेल्सिअस झालं की लगेच उतरवा. नुसत्या रंगावर विसंबू नका.

दिल म्हणजे कसदार स्नायू, त्यात चरबी फारच कमी. नुसतं दळलंत तर टिक्की कोरडी ठाक होते. 800 ग्रॅम दिलाला 200 ग्रॅम चरबी घाला. मीठ आधी घालून मळू नका, त्याने खिमा ताणला जाऊन रबरासारखा होतो. थापून झाल्यावर वरून लावा. टिक्कीलाही 71 अंशच. गुर्द्याचं एकच सांगणं: उभा चिरून आतला पांढरा गाभा पूर्ण काढा, लघवीचा वास तिथेच असतो.

आणि ओल्या खोबऱ्याची चटणी गाडीवर नको. आपल्या दमट उकाड्यात ती दुपारपर्यंत आंबते, शिवाय पाव भिजवते. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी वापरा. पाव कापलेल्या बाजूने तव्यावर चरबीत शेकून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा, आणि कच्चा माल बर्फाच्या पेटीत तळाशी.