बँडसाठी रिदम गिटारिस्ट शोधताय? या चुका टाळा

पुण्यात, ठाण्यात किंवा मडगावात कव्हर बँड (दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणारा बँड) जमवायला घेतला की सोलो वाजवणारे गिटारिस्ट आठवड्याभरात चार येतात. तीन तास ठेका धरून बसणारा मात्र सापडत नाही. मग ‘हल्ली रिदम वाजवायचा कुणाला असतो?’ ही तक्रार सुरू होते. तक्रारीत थोडं तथ्य आहे, पण बऱ्याचदा योग्य माणूस येऊन गेलेला असतो आणि बँडनेच त्याला नापास केलेलं असतं. रिदम गिटार, म्हणजे गाण्यामागे कॉर्डवर ठेका धरणारी गिटार, एकटी ऐकली तर रिकामी वाटते. ड्रम्स आणि बेसच्या मधोमध बसली की तीच गाणं उचलते. सोलोचं बरोबर उलटं. आपण माणसं एकेकटी ऐकून निवडतो, म्हणून दर वेळी हाताला सोलोवालाच लागतो.

जाहिरातीतच घोळ

‘रिदमवाला पाहिजे’ असं लिहिलंत तर पहिले फोन ऑक्टोपॅड आणि ढोलकीवाल्यांचे येतील. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात रिदम म्हणजे तालवाद्यांची बाजू, त्यात त्यांची काही चूक नाही. ‘गिटारिस्ट हवा’ एवढंच लिहिलं तर सोलोवाल्यांची रांग. त्यापेक्षा काम काय आहे ते सरळ लिहा:

‘कव्हर बँडसाठी रिदम गिटार वाजवणारी व्यक्ती हवी. सत्तर-ऐंशीच्या दशकातली हिंदी-मराठी गाणी, थोडं फंक, थोडं डिस्को. सोलो नाहीत. सराव आठवड्यातून एकदा, ३ तास. महिन्याला साधारण २ कार्यक्रम, मानधन सगळ्यांना सारखं. ऑडिशन ड्रम्स आणि बेससोबत, ४० मिनिटं.’

यातले ‘सोलो नाहीत’ हे दोन शब्द निम्मी गर्दी कमी करतात. सोबत पाच गाण्यांची यादी पट्टीसकट द्या. यादी वाचून ‘यातलं तिसरं गाणं मूळ पट्टीतच गाणार का?’ असं विचारणारा उमेदवार आला तर त्याला आधी बोलवा.

शोधायचं कुठे? जॅमरूम (सरावाची भाड्याची खोली) चालवणाऱ्याला विचारा. भिंतीपलीकडून रोज चार बँड ऐकणाऱ्या त्या माणसाला कुणाची लय सरकते आणि कुणाची नाही, हे तोंडपाठ असतं. वसई, वांद्रे आणि गोव्यातल्या चर्चच्या क्वायरमध्ये दर रविवारी गाणाऱ्यांमागे वाजवणारे गिटारिस्ट असतात. त्यांना स्वतःपेक्षा दुसऱ्याचा आवाज ऐकायची सवय असते. घरी गिटार असलेले बेसवाले आणि ड्रमरही विसरू नका. कॉर्ड थोड्या कमी येतील, पण उजवा हात तयार असेल, आणि कॉर्ड महिन्याभरात शिकता येतात.

व्हिडिओवर भुलणं

घरी काढलेल्या व्हिडिओत मागे तयार ट्रॅक असतो. त्यात ड्रम्स आहेत, बेस आहे, बहुधा मूळ गिटारही आहे. उमेदवार पुढे-मागे झाला तरी ट्रॅक त्याला झाकून नेतो. त्यात कुणी ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवलं असेल तर आणखी घोटाळा: आवाज कानात पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होऊ शकतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चांगला वादकही लंगडा वाटतो. म्हणजे व्हिडिओ दोन्ही बाजूंनी फसवतो.

मागवायचंच असेल तर ९० सेकंदांचं साधं रेकॉर्डिंग मागवा. एकच कॉर्ड, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० वर, आणि प्रत्येक टोला दुसरा किंवा चौथा ठोका समजायचा. म्हणजे गाण्याची गती १०० झाली, पण पहिला आणि तिसरा ठोका उमेदवाराने मनात धरायचा. ज्याची लय मेट्रोनोमच्या आधारावर उभी आहे त्याचा टोला १५-२० सेकंदांत उलटा पडतो, दुसऱ्याच्या जागी पहिला ऐकू येऊ लागतो. कानाला लगेच कळतं.

ऑडिशन: सगळ्यात जास्त चुका इथे

पहिली चूक म्हणजे ‘तुला येतं ते वाजव’ असं सांगणं. मग तो सर्वांत अवघड तुकडा वाजवणार, तुम्ही माना डोलावणार आणि त्याच्या लयीबद्दल काहीच न कळता चहा येणार. ड्रमर आणि बेसवाला नसेल तर ऑडिशन पुढे ढकला. ते असले की या क्रमाने चला.

सुरुवातीला तीन मिनिटं एकच कॉर्ड, ए मायनर सेव्हन किंवा ई नाइन, गती ९६ च्या आसपास. सोळांशाचा (एका ठोक्यात चार फटके) हात सतत वर-खाली चालू राहायला हवा. आवाज मोजक्याच फटक्यांना निघेल, बाकीचे डाव्या हाताने दाबलेले, नुसती खरखर. फंकमधली ही पद्धत अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या जिमी नोलनमुळे प्रसिद्ध झाली. उमेदवार किती वेळात कंटाळतो ते पाहा. पहिल्या मिनिटातच मध्ये मध्ये सोलोचे तुकडे टाकायला लागला तर तुमच्या कार्यक्रमातही तेच होणार, तेही नेमकं गायकाच्या ओळीवर. हात थांबतो का, तेही पाहा. आवाज नसताना ज्याचा हात हवेत थांबतो, त्याचा पुढचा फटका अंदाजाने पडतो.

मग ड्रमरला चार बार (एक बार म्हणजे चार ठोके) गप्प करा. गिटार चालू. पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर ड्रमर परत येतो. दोघे एकत्र उतरले तर उत्तम. अंतर पडलं तर लगेच दोष देऊ नका, तीनदा करा. कधी कधी ड्रमरच चुकलेला असतो आणि ही गोष्ट बँडला या निमित्ताने पहिल्यांदा कळते.

तिसरं, आवाज निम्मा करायला सांगा. हळू वाजवताना गती पडणं आणि जोरात वाजवताना गाणं पळणं हा फार नेहमीचा दोष आहे. अंतरा हळू आणि मुखडा जोरात असलेल्या गाण्यात तो दर कडव्याला दिसतो.

चौथं, एकदम थांबणं. ड्रमरने खूण केली की सहाही तारा त्याच क्षणी गप्प. एखादी तार घुमत राहिली तर त्या थांब्याची मजा गेली. हे सरावाने येतं, त्यामुळे इथे फार कडक गुण देऊ नका.

शेवटी दम. ११० च्या गतीला मिनिटाला ४४० सोळांश होतात, पाच मिनिटांत २,२००. मनगट सैल असलेला माणूस हे बोलत बोलत करतो. कोपरातून वाजवणाऱ्याचा हात तिसऱ्या मिनिटाला ताठ होतो आणि वरचे फटके गळायला लागतात. त्याला १ मिलिमीटरच्या पिकऐवजी ०.६० ते ०.७३ चं पिक देऊन पुन्हा ऐका. निम्म्या जणांचा प्रश्न तिथेच सुटतो.

हे सगळं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. फोन खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, अँपसमोर नको. ड्रम्स आणि गिटार वेगळ्या चॅनलवर घेता आले तर स्नेअर (ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम) आणि गिटारच्या लाटा शेजारी ठेवून पाहता येतात. १०० च्या गतीला एक सोळांश १५० मिलिसेकंदांचा असतो. कायम १५-२० मिलिसेकंद मागे राहणारा वादक चालेल, काही गाण्यांना तोच आरामशीर भाव हवा असतो. एकदा २० पुढे आणि एकदा ३० मागे असा झोके घेणारा चालणार नाही. आणि एकाच माईकवरून हा हिशेब करू नका: आवाजाला ३ मीटर यायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात.

केरवा आणि दादरा न तपासणं

इंग्रजी गाण्यांवर तयार झालेला गिटारिस्ट हिंदी-मराठी गाण्यात इथे अडखळतो. केरव्यात ढोलकी आधीच सगळ्या फटी भरत असते. गिटारने आठही मात्रांवर सारखे फटके दिले की गाणं जड होतं. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर तोडलेला, छोटा फटका दिला तर ढोलकीला श्वास मिळतो. दादऱ्यात उलटी अडचण. सहा मात्रा तीन-तीनच्या, वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, पैकी पहिली जास्त वजनदार. वॉल्ट्झची (तीन ठोक्यांच्या पाश्चात्त्य ठेक्याची) सवय असलेला वादक प्रत्येक तिसऱ्या ठोक्यानंतर तेवढाच जोरदार ‘एक’ देतो आणि गाणं झोपाळ्यासारखं झुलायचं सोडून कवायत करायला लागतं. तोंडाने ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणत वाजवायला सांगा. बोल आणि हात एकत्र चालले की दहा मिनिटांत फरक पडतो.

पट्टी बदलल्यावर काय करतो?

गायिका ऐन वेळी ‘आज काळी दोन घेऊ’ म्हणणार, हे धरून चाला. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट. गिटारच्या दांड्यावरच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डी चे आकार, किंवा तिसऱ्या फ्रेटवर लावून सी चे आकार, हे दहा सेकंदांत सुचायला हवं. ‘पांढरी चार’ म्हटल्यावर एफ डोळ्यांसमोर आला पाहिजे. बार कॉर्डवर (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) खेचणारा वाजवेल, पण दुसऱ्या तासाला त्याचा डावा हात थकेल आणि कॉर्ड अर्धवट दबायला लागतील.

माणूस चांगला, तरी गाणं बसत नाही

हा दोष बऱ्याचदा नव्या माणसाचा नसतोच. आवाज गढूळ येत असेल तर कीबोर्डचा डावा हात आणि गिटारच्या जाड तारा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये भांडत आहेत. कीबोर्डवाल्याला डावा हात खिशात ठेवायला सांगा, गिटार वरच्या तीन-चार तारांवर न्या आणि मिक्सरवर १२० हर्ट्झच्या खालचं कापा. बेसची मूळ नोट बेसवाल्यालाच वाजवू द्या.

गिटार ऐकू येत नसेल तर आवाज वाढवण्याआधी अँपचा गेन (आवाज फाटका करणारं बटण) कमी करा. जास्त गेनमध्ये फटक्याची धारच जाते आणि सगळं सपाट होतं. त्यानंतर गरज वाटली तर २ ते ३ किलोहर्ट्झ किंचित वर.

फटके उशिरा पडत असतील तर तो स्टेजवर कुठे उभा आहे ते पाहा. त्याला हाय-हॅटच्या (ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला आणा. उजव्या हाताच्या ड्रमरची हाय-हॅट प्रेक्षकांच्या उजवीकडे असते. मुखड्याला गाणं पळत असेल तर क्लिक (मेट्रोनोमचा टोला) फक्त ड्रमरच्या कानात द्या आणि कोण पळतंय ते शोधा. नवा माणूस दिसला की खापर त्याच्यावर फुटतं, म्हणून हे एकदा मोजून पाहिलेलं बरं.

पैसे आणि तारखा

लीडला (सोलो वाजवणाऱ्याला) जास्त आणि रिदमला कमी मानधन देणारे बँड दर वर्षी नवा रिदम गिटारिस्ट शोधत असतात. यात आश्चर्य काही नाही. अमेरिकन जॅझ वादक काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात रिदम गिटारिस्ट फ्रेडी ग्रीन १९३७ साली आला, सोलो जवळपास वाजवलेच नाहीत आणि दशकानुदशकं तिथेच राहिला. अशी माणसं टिकतात ती मान मिळतो तिथे. पोस्टरवर नाव, ओळख करून देताना नाव, आणि पाकिटात तेवढीच रक्कम.

शोध गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका. गणेशोत्सव, नवरात्र आणि तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त या तारखा पक्क्या वादकांकडे आधीच भरलेल्या असतात. आषाढात लग्नं थांबलेली असतात, पावसामुळे मैदानी कार्यक्रम नसतात आणि जॅमरूमच्या वेळाही मोकळ्या मिळतात. तेव्हा ऑडिशन घेतलीत तर गणपतीपर्यंत सहा-सात सराव होतात, आणि वीस गाणी बसायला तेवढे पुरतात. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवताना यादी आणि पट्ट्या त्याच्याकडेही राहू द्या. पहिला तापाने झोपला की त्याच दुपारी त्याला फोन करावा लागतो.