नवे संकेतस्थळ गुगलच्या शोधात यावे म्हणून काय करावे

गिरगावात उकडीचे मोदक करून देणाऱ्या एखाद्या घरगुती व्यावसायिकाने गणपतीच्या आठवडाभर आधी संकेतस्थळ सुरू केले, तर त्या हंगामात त्याचा फारसा उपयोग होण्याची शक्यता कमी असते. नव्या पानाची नोंद घ्यायला गुगलला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो आणि तो वेळ पैसे भरून कमी करता येत नाही. म्हणून हंगामी व्यवसाय असेल तर निदान दोन महिने आधी संकेतस्थळ उभे करावे, भले त्यावर चारच पाने असोत.

आपले संकेतस्थळ गुगलच्या नोंदीत आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. शोधपेटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून कोलन आणि पुढे जागा न सोडता आपले डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, टाइप केले की नोंदीतली पाने साधारणपणे दिसतात. एकही पान दिसले नाही, तर बहुधा नोंदच झालेली नाही. पाने दिसतात पण ‘उकडीचे मोदक गिरगाव’ असे शोधल्यावर आपले नाव वर येत नाही, ही अडचण मात्र निराळी आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की भलत्याच उपायांवर पैसे खर्च होतात.

नोंद होत नसेल तर आपणच दार लावून ठेवलेले नाही ना, हे तपासावे. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीत सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ या पानावर शोधयंत्रांना परावृत्त करणारी एक चौकट असते. काम चालू असताना संकेतस्थळ बनवणारा ती चौकट टिक करून ठेवतो आणि पुष्कळदा ती तशीच राहून जाते. त्याचप्रमाणे संकेतस्थळावरील, शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या ‘रोबोट्स’ नावाच्या मजकूर-फाइलमध्ये ‘डिसअलाऊ’ या सूचनेपुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर ती सूचना ज्या शोधयंत्रांना उद्देशून आहे त्यांना संपूर्ण संकेतस्थळ वाचण्याची मनाई आहे, असा तिचा अर्थ होतो.

यानंतर गुगल सर्च कन्सोल या मोफत सेवेत आपले संकेतस्थळ जोडावे. मालकी सिद्ध करण्यासाठी गुगल एक संकेत देते. डोमेन ज्या कंपनीकडून घेतले तिच्या खात्यातील डीएनएस, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या, विभागात तो ‘टीएक्सटी’ नोंद म्हणून भरावा लागतो. ही नोंद आणि सर्च कन्सोलचे खाते स्वतःच्याच ईमेलवर ठेवावे, कारण संकेतस्थळ बनवणाऱ्याशी पुढे संबंध राहिला नाही, तरी माहिती आपल्याच हाती राहायला हवी. मग साइटमॅप, म्हणजे सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, सादर करावी. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे छोट्या व्यवसायाला एकच पुरतो. महत्त्वाच्या पानांसाठी सर्च कन्सोलमधील ‘यूआरएल इन्स्पेक्शन’ या सोयीतून नोंदणीची विनंती करता येते. तीच विनंती पुन्हा पुन्हा केल्याने काम लवकर होत नाही. बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राच्या वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलमधील संकेतस्थळ थेट आयात करता येते, तेही करून टाकावे.

खरे काम आहे ते मजकुराचे, आणि मराठी संकेतस्थळे मार खातात ती इथेच. व्हॉट्सअॅपसाठी केलेले सुबक दरपत्रक तसेच्या तसे चित्र म्हणून पानावर चढवले जाते आणि त्या चित्राखेरीज पानावर शब्दच नसतात. चित्रातील अक्षरांवर शोधयंत्राने विसंबावे अशी अपेक्षा ठेवू नये. पदार्थ, दर, घरपोच सेवेचा परिसर आणि वेळ या गोष्टी मजकूर म्हणून टाइप कराव्यात. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. छपाईसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर डोळ्यांना मराठी दिसते, पण मुळात ती निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. पानावरील एक ओळ उचलून शोधपेटीत चिकटवून पाहावी. तिथे ती स्वच्छ देवनागरीत उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत आहे, अन्यथा तो नव्याने टाइप करावा.

प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे असावे. ‘मुख्यपृष्ठ’ या शीर्षकातून कोणाला काहीच कळत नाही, तर ‘उकडीचे मोदक, गिरगाव: ऑर्डरप्रमाणे घरपोच’ या शीर्षकातून सर्व कळते. मुंबईकर जागा सांगतो ती स्टेशनावरून आणि पूर्व-पश्चिमेवरून. त्यामुळे पत्त्यात ‘चर्नी रोड स्टेशनजवळ’ किंवा ‘विलेपार्ले पूर्व’ असे स्पष्ट लिहावे. अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून व्यवसायाचे आणि मुख्य पदार्थांचे नाव एकदा त्या लिपीतही द्यावे. मात्र तेच शब्द वीस वेळा कोंबू नयेत, कारण गुगल त्याला फसवणूक समजते.

दुकान किंवा ठरावीक सेवाक्षेत्र असेल, तर गुगल बिझनेस प्रोफाइल काढून त्यात संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. ओळखीचे मंडळ, ग्रंथालय किंवा पुरवठादार यांच्या संकेतस्थळावर आपला दुवा आला तर उत्तमच, कारण दुव्यांवरूनही शोधयंत्र नव्या पानांपर्यंत पोहोचते. दुवे विकत घेणे मात्र गुगलच्या धोरणाविरुद्ध आहे. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्यांचे फोन येऊ लागतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा. जाहिरातींचा विभाग वेगळा असतो. मूळ निकालांतील स्थान गुगल कोणालाही विकत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी सर्च कन्सोलमधील ‘पेजेस’ हा अहवाल उघडावा. ‘डिस्कव्हर्ड’ असे लिहून पान नोंदीबाहेर दाखवले असेल, तर गुगलला पत्ता कळला आहे पण पान अजून वाचलेले नाही, तेव्हा थोडे थांबावे आणि मुख्य पानावरून त्याला दुवा द्यावा. ‘क्रॉल्ड’ असूनही नोंद नसेल, तर पान वाचूनही गुगलने ते तूर्त नोंदवलेले नाही. अशा वेळी पुन्हा विनंती करण्याआधी त्या पानावर ग्राहक जे विचारतात ते सर्व लिहावे: मोदक किती तास टिकतात, किमान किती घ्यावे लागतात, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत ऑर्डर चालते.