आयपॅडवर अभंगाची चाल बांधायची आणि घरीच रेकॉर्ड करायची, कसं ते सांगतो

आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, दिवसभर खटखट चालूच, म्हणून सगळ्यात आधी खोलीचंच बोलतो कारण ॲप कितीही भारी असलं तरी खोली वाईट असेल तर आवाज वाईटच येणार. गाणाऱ्याच्या पाठीमागं आणि बाजूला दोरी बांधून दोन जाड सोलापुरी चादरी टाका, आवाज घुमायचा एकदम कमी होतो. पण चादरीनं मागाची खटखट अडत नाही हां, त्यासाठी माग बंद असतानाची वेळच गाठायची. मी पहाटे पाचला बसतो. उन्हाळ्यात तर पहाटच बरी, पंखा बंद ठेवावा लागतो आणि आयपॅड ३५ अंशापर्यंतच वापरायचा असतो, आपल्याकडं दुपारी चाळीसच्या वर जातं, तो तापून मधेच बंद पडतो.

ॲप गॅरेजबँड घ्या, फुकट आहे. अँड्रॉइड टॅबलेट असेल तर बँडलॅब.

आता चाल. सुचली की आधी नुसती गुणगुणून साध्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये टाकून ठेवा, पेटी काढेपर्यंत थांबलात तर अर्धी जाते. मग गॅरेजबँडमध्ये नवीन गाणं उघडून सेटिंगमध्ये आधी पट्टी लावा, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ. जुनी पेटी बऱ्याचदा थोडी चढी किंवा उतरलेली असते, ट्यूनर ॲपवर बघा, फरक असेल तर आयपॅडची वाद्यं पेटीसोबत घेऊच नका, बेसूर होतं. त्यापेक्षा फोनवरच्या तानपुरा ॲपचा सूर बारीक ट्यूनिंगनं पेटीला मिळवून तो फोन माइकजवळ धरा आणि तानपुऱ्याचा वेगळा ट्रॅक, म्हणजे वेगळी रेकॉर्ड केलेली पट्टी, करा.

लय पण आधीच ठरवा. टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके, तो ॲपमध्ये सुरुवातीला ११० असतो, अभंगाला मला तरी जास्त वाटतो, ८० पासून सुरू करून गाऊन बघा. सेटिंगमधल्या टाइम सिग्नेचरला भजनी ठेक्यासाठी ४/४ चालतं, दादऱ्याला ६/८ ठेवा, रूपकाच्या ७ मात्रा मात्र त्यात बसत नाहीत, तिथं मेट्रोनोम, म्हणजे ॲपची लय धरणारी टकटक, बंद करून तबल्यावरच भरवसा ठेवायचा. आणि चाल शेवटी द्रुत होणार असेल, टाळ वाढत जाणार असतील तरीही मेट्रोनोम बंदच, नाहीतर अभंगाचा जीव जातो.

सगळ्यात महत्त्वाचं! नवीन गाण्यात ८ बारांचाच सेक्शन, म्हणजे गाण्याचा तुकडा, असतो, ४/४ मध्ये एक बार ४ मात्रांचा, म्हणजे ३२ मात्रा, भजनी ठेक्याची फक्त ४ आवर्तनं. ट्रॅकच्या पानावर वर उजवीकडं अधिकचं चिन्ह आहे, त्यात सेक्शन ए उघडून ऑटोमॅटिक चालू करा, मग अख्खा अभंग मावतो.

रेकॉर्डिंगला क्रम असा ठेवा, आधी पेटी आणि आवाज एकत्र कच्चा घ्यायचा, तो कानात ऐकत तबला, मग पक्की पेटी, सगळ्यात शेवटी पक्का आवाज, आणि कच्चा ट्रॅक म्यूट. कानात वायरचाच हेडफोन घाला, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो आणि तबलजी मागं पडतो. हेडफोन शक्यतो बिनमाइकचा घ्या, नाहीतर आयपॅड स्वतःचा माइक सोडून हेडफोनचा माइक पकडतो. पेटीच्या भात्याकडं टॅबलेट ठेवू नका, हवेची फसफस येते. गाताना दीड-दोन वीत लांब, आणि तार सप्तकात मीटर लाल व्हायला लागलं तर लेव्हल कमी करून परत घ्या, फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. एअरप्लेन मोड लावा, वाय-फाय पण बंद.

झालं की शेअरमध्ये जाऊन वेव्ह फाईल काढा, मिनिटाला साधारण १० एमबी होते, भजनी मंडळाला ऐकायला पाठवायची तर कॉम्प्रेस केलेली चालेल. पण मूळ प्रोजेक्ट डिलीट करू नका, आषाढीच्या आधी कुणीतरी हमखास सांगतं की दुसरं कडवं जरा सावकाश घ्या.