लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी शटर टायमर बनवताना या चुका टाळा

कोपाल ०, १ किंवा ३, यांतलं कुठलंही लीफ शटर (लेन्सला जोडलेलं, पाकळ्यांनी उघडणारं-मिटणारं) घ्या, त्यावर कोरलेला सर्वांत संथ वेग १ सेकंदाचा असतो. त्यापुढे बी (दाबून धरलं तोवर उघडं) किंवा टी (एका दाबाने उघडतं, दुसऱ्याने मिटतं), हातात केबल रिलीज (शटर दाबायची लवचिक तार) आणि नजर घड्याळावर. एफ/२२ किंवा एफ/३२ इतक्या लहान छिद्राला, संध्याकाळच्या उजेडात किंवा गडद फिल्टर लावून काम करणाऱ्याला ४ सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंतचं एक्स्पोजर नेहमीचंच. म्हणूनच केबल रिलीज दाबणारा इलेक्ट्रॉनिक टायमर स्वतः बनवणं फार उपयोगाचं आहे. पण बनवणारे बहुतेक जण सगळी मेहनत घड्याळ अचूक करण्यात घालतात. घड्याळ क्वचितच चुकतं. घोळ होतो तो घड्याळ आणि शटरच्या पाकळ्या यांच्या मध्ये: मोटर, केबल, बॅटरी, बटण आणि प्रोग्रॅममध्ये.

नको तिथे अचूकता

एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; एक तृतीयांश स्टॉप म्हणजे सुमारे २६ टक्के वेळ. १० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ०.१ सेकंदाची चूक निगेटिव्हवर दिसणारच नाही. आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवरचा, घड्याळाचे ठोके देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्धा टक्का इकडेतिकडे होतो, तोही चालतो. फक्त उनोवरचीच एटीमेगा३२८पी चिप सुटी वापरत असाल तर तिचा अंतर्गत ऑसिलेटर तसाच वापरू नका. कारखान्यातून येताना त्याची हमी फक्त १० टक्क्यांपर्यंतची असते. बाहेरून एक क्रिस्टल जोडलात की हा विषय संपला.

खरी चूक यांत्रिक विलंबात असते, आणि तिथेही एकूण विलंब महत्त्वाचा नाही. उघडतानाचा विलंब आणि मिटतानाचा विलंब यांतला फरक महत्त्वाचा. साध्या सर्वोला (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर) दर २० मिलिसेकंदांनी हुकूम मिळतो, आणि ६० अंश फिरायला त्याला ०.१ ते ०.२ सेकंद लागतात. समजा, विश्रांतीच्या वेळी सर्वोचा हात केबलच्या दट्ट्यापासून बराच मागे आहे. उघडताना त्याला सगळी मोकळी जागा पार करावी लागेल, समजा १५० मिलिसेकंद. मिटताना मात्र तो जरासा मागे सरकला की शटर सुटेल, ४० मिलिसेकंदांत. एक्स्पोजर ११० मिलिसेकंदांनी कमी झालं. ३० सेकंदांत हे नगण्य आहे, पण अर्ध्या सेकंदात हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त स्टॉप होतो. उपाय दोन. शटर जिथे सुटतं त्या बिंदूच्या अगदी जवळ हाताची विश्रांतीची जागा ठेवा, आणि १ सेकंद व त्याखालचे वेग शटरच्या स्वतःच्या यंत्रणेवर सोडा.

याहून चांगली युक्ती शटरवरच असते, तरी फार थोडे जण ती वापरतात. फ्लॅशसाठीचा एक्स संपर्क पाकळ्या पूर्ण उघडल्या की जुळतो. त्याची तार पुल-अप रेझिस्टरसह (संपर्क मोकळा असताना तारेवर व्होल्टेज धरून ठेवणारा) मायक्रोकंट्रोलरला द्या आणि मोजणी तिथून सुरू करा. उघडण्याचा विलंब हिशेबातूनच जातो, शिवाय शटर खरंच उघडलं की नाही तेही कळतं. जुन्या शटरवर एम आणि एक्स अशी कळ असेल तर ती एक्सवर हवी, कारण एमवर संपर्क पाकळ्या उघडण्याआधीच जुळतो. आणि त्याच तारेवर जुना फ्लॅश कधीही जोडू नका. काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरवर शेकडो व्होल्ट असतात, चिप क्षणात जाईल.

जोर कुठे आणि किती

सर्वोचा हात थेट, ताठ जोडणीने दट्ट्यावर बसवणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. प्रोग्रॅममध्ये कोन जरा जास्त झाला, की सर्वो थांबत नाही, तो शटरच्या आतली कळ वाकवतो. कोपालची नवी शटर आता बनत नाहीत, त्यामुळे ही मोडतोड मनाला फार लागते. हात आणि दट्ट्या यांच्या मध्ये एक छोटी स्प्रिंग घाला. केबलच्या स्प्रिंगपेक्षा ती जेमतेम कडक असावी, म्हणजे जादा हालचाल ती स्वतः गिळेल. जोडीला, दट्ट्या ठरावीक मर्यादेपुढे जाणारच नाही असा अडसर धातूचा किंवा जाड प्लॅस्टिकचा करा. प्रोग्रॅममधल्या आकड्यावर ही जबाबदारी टाकू नका.

सोलेनॉइड (वीज मिळताच लोखंडी गाभा आत ओढणारी गुंडाळी) वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. गाभा बाहेर असताना सोलेनॉइडचा जोर सर्वांत कमी असतो आणि पूर्ण आत आल्यावर सर्वांत जास्त. टेबलावर हाताने आत ढकलून पाहिलं तर तो दणकट वाटतो, कॅमेऱ्यावर मात्र सुरुवातीलाच अडकतो. म्हणून लागणारी हालचाल मोजा आणि तेवढ्याच शेवटच्या टप्प्यात त्याला काम द्या. दुसरी गोष्ट उष्णतेची. बीवर दोन मिनिटं पूर्ण व्होल्टेज दिलं की गुंडाळी तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ५० अंशांनी तापल्यावर रोध २० टक्के जास्त आणि जोर जवळपास ३० टक्के कमी. सलग तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला शटर मध्येच मिटत असेल तर आधी गुंडाळीला हात लावून पाहा. आत ओढण्यासाठी क्षणभर पूर्ण वीज, नंतर धरून ठेवण्यापुरती बरीच कमी, अशी व्यवस्था पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, सहज होते.

बी की टी?

टीवर एकदा दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की मिटतं. वीज वाचते, म्हणून अनेकांना टी आवडतो. माझा कौल स्पष्टपणे बीला आहे. टीवर एक दाब हुकला की पुढचं सगळं उलटं होतं: टायमरला वाटतं शटर मिटलं, आणि ते असतं उघडं. टी वापरायचाच असेल तर वर सांगितलेला एक्स संपर्क जोडल्याशिवाय वापरू नका. बटणाचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात. ती थरथर प्रोग्रॅमने गाळली नाही तर टीवर शटर उघडून लगेच मिटतं. २० ते ३० मिलिसेकंद दुर्लक्ष करणं पुरेसं आहे.

बॅटरी लावताच शटर उडतं

सुरू होताना सर्वो झटका देतो, किंवा सोलेनॉइडची वीज चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरचं गेट कशालाच न जोडता हवेत लटकत असतं. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. सर्वोसाठी सवय बदला: आधी टायमर सुरू, मग शटर चढवायचं (कॉक करायचं), आणि डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पट्टी) सगळ्यात शेवटी काढायची.

एक्स्पोजर चालू असताना टायमर मध्येच नव्याने सुरू होत असेल तर दोष वीजपुरवठ्याचा. छोटा सर्वोसुद्धा अडकला की अर्ध्या अँपिअरहून जास्त खेचतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि मायक्रोकंट्रोलर रिसेट होतो. चार डबल ए सेल, सर्वोला स्वतंत्र तारा आणि त्याच्या जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने बहुतेक त्रास संपतो. सोलेनॉइडवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल, नसेल तर प्रत्येक वेळी बंद होताना उठणारा व्होल्टेजचा फटका मॉस्फेटला मारून टाकेल. मॉस्फेट तापत असेल तर त्याचा क्रमांक बघा: आयआरएफ५४० ला गेटवर १० व्होल्ट लागतात, ५ व्होल्टच्या बोर्डवर आयआरएलझेड४४एन घ्या.

३० सेकंद बरोबर, ६० सेकंदांना अडकतो

आर्डुइनो उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, कमाल ३२,७६७. प्रोग्रॅममध्ये ६० गुणिले १००० असं लिहिलं की उत्तर मावत नाही आणि उणे ५,५३६ होतं. डिले फंक्शन त्याचा अर्थ ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद असा लावतं, म्हणजे जवळपास ५० दिवस. तोवर शटर उघडंच. ३० सेकंदांची चाचणी मात्र बिनचूक पार पडते, म्हणून ही चूक नेमकी डोंगरावर, फिल्म होल्डर लावल्यावर सापडते. १००० च्या पुढे यूएल लिहा, आणि वेळ ठेवणारे सगळे चल अनसाइन्ड लाँग करा.

रेसिप्रॉसिटीचा क्रम

लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनशीलता घटते, म्हणून वेळ वाढवावी लागते; हीच रेसिप्रॉसिटीची दुरुस्ती. टायमरमध्ये ती घालणं फार सोयीचं. इलफोर्डचं सूत्र सरळ आहे: मीटरच्या वेळेचा ठरावीक घात काढायचा, एफपी४ प्लससाठी १.२६, एचपी५ प्लससाठी १.३१. चूक होते ती क्रमात. १५० मिमीची लेन्स, बेलोज (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता) ३०० मिमीपर्यंत ताणलेले, म्हणजे वेळ चौपट. मीटर म्हणतो ४ सेकंद. आधी बेलोजची दुरुस्ती केली तर १६ सेकंद, आणि एफपी४ प्लसच्या घाताने सुमारे ३३. उलट क्रमाने केलं तर ४ चे ५.७ आणि मग चौपट, म्हणजे सुमारे २३ सेकंद. अर्ध्या स्टॉपची चूक, तीही सावल्यांमध्ये, जिथे फिल्म आधीच उपाशी असते. बेलोज आणि फिल्टर आधी, रेसिप्रॉसिटी शेवटी, आणि १ सेकंदाच्या आत हे सूत्र लावूच नये.

कॅमेऱ्यावर नेण्याआधी

डबा लेन्सबोर्डवर बसवू नका. तो ट्रायपॉडच्या पायाला बांधा आणि केबलला सैल वळण द्या. बटण दाबल्यावर ५ ते १० सेकंद थांबून मगच शटर उघडलं तर बेलोजची थरथर विरते. सर्वो जागेवर पोहोचला की त्याचा सिग्नल तोडा, नाहीतर तो गुणगुणत राहील आणि ती कंपनं प्रतिमेत उतरतील. केबलची स्प्रिंग गिअरना मागे रेटत नाही ना, एवढं आधी पाहा. डिस्प्लेचा लाल दिवा सुरक्षित समजू नका. पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतो.

खरी वेळ मोजायला कॅमेऱ्याची मागची बाजू उघडी ठेवा, लेन्ससमोर टॉर्च आणि मागे बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड लावून ऑसिलोस्कोपवर पाहा. मेन्सवरचा दिवा नको, तो लुकलुकतो. मंद केलेली टॉर्चही लुकलुकू शकते, म्हणून ती पूर्ण उजेडावर ठेवा. पाकळ्या हळूहळू उघडतात, त्यामुळे उजेड अर्ध्या उंचीवर येतो तिथून अर्ध्यावर उतरतो तिथपर्यंत मोजा. थंड प्रदेशात काम करणार असाल तर हीच चाचणी सगळं साहित्य गार करून पुन्हा घ्या. केबलमधलं वंगण घट्ट होतं आणि अल्कलाइन सेल दम सोडतात, तेव्हा घरी नीट बसवलेला सर्वोचा कोन अपुरा पडू शकतो.