मुलांच्या व्यसनाबाबत या चुका टाळा : आधी एकमेकांना फोन लावा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही काही आईवडील महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. विषय एकच, आठवी ते बारावीतली मुलं आणि नशा. नवीन येणारे पालक बहुतेक त्याच त्या चुका करून आलेले असतात. दरवेळी तेच सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच काढते.

‘आमचा तसला नाही, त्या पोरानं बिघडवला’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मीसुद्धा केली आहे.

माझा मुलगा अकरावीत होता. डिसेंबरातल्या एका शनिवारी ‘मित्राकडं अभ्यासाला राहतो’ म्हणून गेला. त्या मित्रानं घरी सांगितलं होतं की तो आमच्याकडं येतोय. तिसऱ्यानं आम्हा दोघांचीही नावं घेतली होती. पाच घरं, पाचही निश्चिंत झोपलेली. पोरं मात्र पन्हाळ्याच्या वाटेवर एका ओळखीच्यांच्या रिकाम्या घरात. रात्री दीडच्या सुमाराला त्यातल्या एकाची शुद्ध हरपली. बाकीच्यांनी त्याला उताणं झोपवलं, तोंडात लिंबूपाणी ओतलं, आणि घरी कळेल या भीतीनं तासभर कुणालाच फोन केला नाही. उलटी छातीत गेली. पोरगं चार दिवस आयसीयूत होतं. वाचलं.

पुढचं मला जास्त बोचतं. पाच घरांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. प्रत्येकाच्या मते दोष दुसऱ्याच्या मुलाचा. तीन महिन्यांनी त्या मुलाची आई माझ्या दारात आली. म्हणाली, ‘वहिनी, दिवाळीपासनं कपाटातले पैसे जात होते. तुम्हाला सांगायची लाज वाटली.’ मला दिवाळीतच मुलाच्या शर्टाला वास आला होता, मीही गप्प बसले होते. तिसऱ्याच्या वडिलांना गाडीच्या डिकीत बाटली सापडली होती. प्रत्येक घराला थोडं थोडं ठाऊक होतं. दिवाळीतच एकत्र बसलो असतो तर ती रात्र आलीच नसती.

आता माझी सवय अशी : मुलगा रात्री कुठं राहणार असेल तर मी त्याला विचारत बसत नाही, त्या घरच्या आईला फोन करते. ‘आमचा आज तुमच्याकडं आहे ना? घरात मोठं कोण आहे?’ मुलं चिडतात. चिडू देत. आणि आम्ही पाचही घरांनी मुलांना एक शब्द दिलाय. कितीही वाजता फोन करा, न्यायला येऊ, त्या रात्री एक अक्षर बोलणार नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर.

शुद्ध हरपलेल्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हे मी मुलांना करून दाखवते. ‘म्हणजे प्यायची परवानगीच दिली की’ असं काही पालक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मी ते पोरगं आयसीयूत बघितलंय.

‘घरात दोन घोट दिले की बाहेर जाणार नाही’

म्हाईच्या जत्रेला मटणाच्या जेवणाआधी गच्चीवर बैठक बसते आणि काकामंडळी पोरांना ग्लास, बर्फ आणायला पिटाळतात. त्यातला एखादा प्रेमानं ‘घे रे थोडी’ म्हणतो. घरात चव लागलेला मुलगा बाहेर पिणं थांबवत नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि जितकी लवकर सुरुवात, तितका व्यसन जडण्याचा धोका जास्त. आपल्या राज्यात बिअर आणि वाईनला २१, बाकी दारूला २५ वर्षांची अट आहे. ‘गोव्यात १८ ला चालते’ म्हणणाऱ्याचा मुलगा तर अजून सोळाचाच असतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अठराखालच्या मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे मी दिरांना जेवणाच्या पानावर ऐकवलं. बर्फ आता ते स्वतः आणतात.

फक्त दारूचा वास घेत बसू नका. तंबाखूचा मावा, हुंगायचं व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन, २०१९ पासून बंदी असलेली ई-सिगारेट, हेही बघा. जिमला जाणाऱ्या मुलाच्या आईनं मेफेन्टरमाइन हे नाव लक्षात ठेवावं. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवायचं ते इंजेक्शन मुलं ताकदीसाठी टोचून घेतात.

मारू नका. मार खाल्लेलं पोर पुढच्या वेळी फोन करत नाही.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्याही मुलाचं नाव टाकू नका. त्या आईला एकटीला भेटा.

‘आठ दिवसांत काय ते संपवा’

नवीन पालकांची घाई मला समजते, पण तिच्यापायीच नुकसान होतं. ‘न कळत दारू सोडवा’ म्हणून जाहिरात असलेली पावडर एका बापानं मुलाच्या आमटीत घातली. अशा पुडीत काय असतं ते विकणाराही सांगत नाही. दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिराम देतात, तेही रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीनं, कारण त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. जेवणात गुपचूप काहीही कालवू नका. मुलाला घेऊन सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा आणि महिने लागणार हे धरून चाला.

‘पोलीस केस होईल’ या भीतीनंही लोक लपवतात. स्वतः नशा करणारा स्वेच्छेनं सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये खटल्यातून सवलतीची तरतूद आहे. सवलत टिकायला उपचार पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट. दोन्ही नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेत.

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी आम्ही वाटणी करतो : दोन पालक पापाची तिकटीला, दोन गंगावेशीत, एक जण गाडी घेऊन तयार. मुलांना ते माहीत असतं. गेल्या वर्षी पहाटे तीनला एकीचा फोन आला. मी गेले, तिला घरी सोडलं, वाटेत एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई तिच्याशी बोलली.