‘प्रतिस्पर्धी कुळाचा नेता’ म्हणजे नेमका कोण? सोमालियाच्या यादवीवर टिपण लिहिताना

‘अली महदी मोहम्मद हे जनरल ऐदीद यांच्या प्रतिस्पर्धी कुळाचे नेते होते.’ 1991 पासूनच्या सोमालियाच्या यादवीत राजधानी मोगादिशूसाठी एकमेकांशी लढलेल्या या दोन नेत्यांवर लिहायला बसलं की हे वाक्य सहज उतरतं. खोटं नाही, पण अर्धवट आहे, कारण दोघेही हाविये कुळातलेच. वाद कुठे होता हे या वाक्यातून वाचकाला कळतच नाही.

म्हणून लेखणी उचलण्याआधी कुळाची उतरंड कागदावर मांडा: वर मोठं कूळ, खाली पोटकूळ, त्याखाली शाखा. मोहम्मद फराह ऐदीद: हाविये, हबर गिदिर, साद. अली महदी: हाविये, अबगाल. ज्यांच्याविरुद्ध बंड झालं ते हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष सियाद बरे: दारोद, मरेहान. दोन माणसं ज्या पायरीवर वेगळी होतात, तिचंच नाव वाक्यात यायला हवं. बरे यांच्याशी लढताना हाविये ही पायरी कामाची, म्हणून ऐदीद आणि अली महदी दोघेही युनायटेड सोमाली काँग्रेस या हाविये बंडखोरांच्या पक्षात. बरे जानेवारी 1991 मध्ये मोगादिशूतून पळाले आणि भांडण एक पायरी खाली उतरलं: हबर गिदिर विरुद्ध अबगाल. मराठीत याला नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. तो वापरा. ‘टोळीयुद्ध’ मात्र टाळा, त्याने मुंबईतल्या गुंडांच्या टोळ्या डोळ्यांपुढे येतात. ‘जमात’ही चालत नाही, कारण या सगळ्यांची भाषा आणि धर्म एकच आहे.

उतरंड मांडली म्हणजे सगळं उलगडलं, असं मात्र नाही. जून 1992 मध्ये ऐदीद यांनी सोमाली नॅशनल अलायन्स ही सशस्त्र गटांची आघाडी उभी केली, तेव्हा कर्नल अहमद उमर जेस त्यांच्याबरोबर होते, आणि जेस तर दारोदांच्या ओगादेन पोटकुळाचे. उलट उस्मान अली आतो ऐदीद यांच्याच साद शाखेतले आणि त्यांना पैसा पुरवणारे, पण पुढे तेच विरोधात गेले. त्यामुळे ‘मित्र’ किंवा ‘शत्रू’ लिहिलं की शेजारी महिना आणि वर्ष लिहाच. ते सापडत नसेल तर तो शब्द काढून टाका.

पदांसाठी तीन रकान्यांचा तक्ता करा: तारीख, पद, आणि ते पद दिलं कोणी. तिसरा रकाना गाळला की टिपण नकळत एका बाजूचं होऊन बसतं. जानेवारी 1991 च्या अखेरीस अली महदी हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, ते मोगादिशूतल्या ‘मॅनिफेस्टो’ गटाच्या, म्हणजे बरे यांच्याविरुद्ध जाहीरनामा काढणाऱ्या मान्यवरांच्या निर्णयाने, ऐदीद यांना न विचारता. जुलैमध्ये शेजारच्या जिबूती देशात भरलेल्या परिषदेने त्यावर शिक्का मारला. त्याच महिन्यात ऐदीद युनायटेड सोमाली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. एकाकडे राज्य, दुसऱ्याकडे पक्ष. त्या नोव्हेंबरात मोगादिशूत पेटलेल्या लढाईचं मूळ इथे आहे. जून 1995 मध्ये ऐदीदही ‘राष्ट्राध्यक्ष’ झाले, पण ते त्यांच्याच पाठीराख्यांच्या घोषणेने. तक्त्यात हे दोन ‘राष्ट्राध्यक्ष’ एकाखाली एक आले की फरक आपोआप दिसतो.

आकडे एकमेकांत मिसळू नका. 17 नोव्हेंबर 1991 पासून मोगादिशूचे दोन तुकडे झाले, उत्तरेला अली महदी आणि दक्षिणेला ऐदीद. मार्च 1992 च्या शस्त्रसंधीपर्यंतच्या लढाईत सुमारे 14,000 मेले आणि 27,000 जखमी झाले, असा तेव्हाचा अंदाज आहे. हा तोफा-बंदुकांचा हिशेब. दक्षिणेकडच्या बैदोआ भागातले दुष्काळबळी त्यात नाहीत, ते वेगळ्या वाक्यात लिहा. आणि ते लिहाच, कारण ज्यांच्याकडे बंदुका नव्हत्या असे शेतकरीच तिथे सर्वांत जास्त मेले, आणि नेत्यांच्या भांडणाच्या गोष्टीत नेमके तेच गळून पडतात.

नावं लिहिताना दोन चुका वारंवार होतात. सोमाली लोकांना आडनाव नसतं: पहिलं नाव स्वतःचं, दुसरं वडिलांचं, तिसरं आजोबांचं. ‘ऐदीद’ तर टोपणनाव आहे, अपमान खपवून न घेणारा अशा अर्थाचं. अली महदींना नुसतं ‘मोहम्मद’ म्हणणं म्हणजे त्यांना आजोबांच्या नावाने हाक मारणं. दुसरी चूक लिपीची. सोमाली भाषा 1972 पासून रोमन अक्षरांत लिहिली जाते, पण त्यातला ‘सी’ म्हणजे अरबीतलं ऐन हे घशातलं अक्षर आणि ‘एक्स’ म्हणजे घशातून येणारा ह. रोमन अक्षरं जशीच्या तशी वाचली तर अलीचा (Cali) ‘काली’ होतो आणि हसनचा (Xasan) ‘क्सासन’.

आदरार्थी रूपही जपा. एकाला ‘ते’ आणि दुसऱ्याला ‘तो’ लिहिलंत तर तुम्ही बाजू घेतलीत.

भारताचा संबंध दाखवायचा तर तो ओढूनताणून आणावा लागत नाही. 1980 च्या दशकात ऐदीद भारतात सोमालियाचे राजदूत होते, आणि 1993-94 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय लष्कराची 66 वी ब्रिगेड बैदोआ भागात होती. दोन वाक्यं पुरतात.

आता पहिलं वाक्य पुन्हा लिहू: ‘हाविये कुळाच्या अबगाल पोटकुळातले अली महदी मोहम्मद हे 1991 च्या सुरुवातीपर्यंत हबर गिदिर पोटकुळाच्या ऐदीद यांच्याच पक्षात होते, राष्ट्राध्यक्षपदावरून फाटलं आणि नोव्हेंबरात दोघांच्या फौजा मोगादिशूत एकमेकांवर तोफा डागू लागल्या.’