परराज्यात एल्कची शिकार: आधी मांसाचा हिशेब करा

टेक्सास, इलिनॉय किंवा न्यू जर्सीत राहायचं आणि शिकारीला कोलोरॅडोत जायचं ठरलं, की बहुतेक जण खर्च टॅगपासून, म्हणजे एक जनावर मारण्याच्या परवान्यापासून, मांडायला घेतात आणि पेट्रोल, मोटेल, जेवणखाण इथे थांबतात. हिशेब चुकतो तो इथेच. एल्क हे सांबरासारखं मोठं हरीण, आणि त्याच्या मोठ्या नराचं जिवंत वजन 600 ते 700 पौंड असतं. हाडं काढल्यावरही 160 ते 200 पौंड मांस उरतं, आणि ते गाडीपर्यंत, तिथून हजार मैलांवरच्या घरापर्यंत न नासता न्यायचं असतं. सोबत किती जण हवेत, रस्त्यापासून किती आत जायचं, रजा किती दिवसांची घ्यायची, गाडी कोणती न्यायची, ही सगळी उत्तरं या वजनातून निघतात. म्हणून दोन वेगळे हिशेब मांडा: एक रिकाम्या हाती परतण्याचा, दुसरा एल्क पडल्यानंतरचा. दोन्हींचे पैसे हाताशी असतील तरच निघा.

आधी कायदा

एच-1बी, एल-1 किंवा एफ-1 अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल, तर संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला तुम्हाला मनाई आहे. अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना हातात असणं. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. मुदत संपली की अपवादही संपला. हे प्रकरण थेट इमिग्रेशनवर शेकू शकतं, म्हणून वकिलाची एका तासाची फी बजेटात धरा. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही, पण राहत्या राज्याचे नियम लागू आहेतच. उदाहरणार्थ, इलिनॉयमध्ये राहणाऱ्याला तिथलं फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र, लागतं.

दुसरी अट हंटर एज्युकेशनची, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या अभ्यासक्रमाची. 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत त्याचं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या राज्याचं चालतं. ऑनलाइन भाग आपल्या सवडीने होतो. काही राज्यांत मात्र प्रत्यक्ष मैदानी दिवसही करावा लागतो आणि उन्हाळा सरता सरता त्या जागा भरतात, तेव्हा हे काम वसंतातच उरका.

कोणतं राज्य

वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांचे एल्कचे अर्ज जानेवारीत सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होतात. जनरल टॅग 692 डॉलर आणि वर 15 डॉलर अर्जशुल्क. तिथे एक मोठी अट आहे: संघीय विल्डरनेस म्हणून घोषित जंगलात परराज्यातल्या माणसाला परवानाधारक गाइड किंवा वायोमिंगचा रहिवासी सोबती घेतल्याशिवाय मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही. नकाशावर छान दिसणारा बराच भाग त्यामुळे बाद होतो. मोंटानाचे अर्ज 1 एप्रिलपर्यंत असतात आणि टॅग सगळ्यांत महागांपैकी आहे, पण बंदुकीचा हंगाम पाच आठवडे चालतो. न्यू मेक्सिकोत दरवर्षी अर्ज करून पुढच्या सोडतीसाठी पॉइंट साठवण्याची पद्धतच नाही, सगळी निव्वळ सोडत. तिथे स्वतःहून अर्ज करणाऱ्या परराज्यातल्यांच्या वाट्याला जेमतेम 6 टक्के टॅग येतात.

पहिल्या शिकारीसाठी कोलोरॅडोच बरं. एल्कची संख्या तिथे देशात सर्वाधिक आहे. धनुष्याच्या हंगामासाठी 2025 पासून परराज्यातल्यांना सोडतीतूनच जावं लागतं. मात्र बंदुकीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, बऱ्याच युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, नराचा टॅग सोडतीविना थेट मिळतो. विक्री ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होते. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षाची कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याची पुस्तिका हाच आधार माना. सोडतीत उतरायचं असेल तर अर्ज 1 मार्चपासून एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत, आणि त्यासाठी आधी एक क्वालिफाइंग परवाना विकत घ्यावा लागतो. टॅग लागो न लागो, ते पैसे परत येत नाहीत.

यशाबद्दल भ्रम नको. कोलोरॅडोत साधारण पाचातल्या एकाला एल्क मिळतो, आणि सोडतीविनाच्या युनिटांत गर्दी असल्याने प्रमाण त्याहून कमी. रिकाम्या हातांचा हिशेब म्हणूनच प्रामाणिकपणे मांडायचा.

आकडे

डॅलसहून तिघे जण एका पिकअपमधून कोलोरॅडोतल्या मीकरच्या बाजूला, व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये, दुसऱ्या हंगामासाठी जात आहेत असं धरू. जायला सुमारे 1,020 मैल. येणं-जाणं आणि तिथलं फिरणं मिळून 2,200. लादलेला पिकअप गॅलनला 16 मैल देतो, म्हणजे 138 गॅलन. गॅलनला 3.25 डॉलर धरले तर 450 डॉलर, माणशी 150.

बाकीचे आकडे माणशी असे पडतात: टॅग आणि हॅबिटॅट स्टॅम्प (वन्यजीवांच्या अधिवासासाठीचं शुल्क) मिळून सुमारे 835, दोन रात्रींच्या मोटेलचा वाटा 160, किराणा आणि वाटेतलं खाणं 200, कॅम्पचा प्रोपेन आणि सरपण 30, गोळ्या आणि रेंजवरचा सराव 120, फोनवरच्या नकाशाच्या अॅपची एका राज्याची वर्गणी 35, आणि टायर, बॅटरी, साखळ्या अशा अडचणींसाठी 150. बेरीज 1,680 डॉलर. यात बंदूक, बूट, तंबू आणि पाठपिशवी नाही. नॅशनल फॉरेस्टमध्ये मोकळ्या जागी तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. मुक्कामाची मर्यादा सहसा 14 दिवसांची असते.

आता दुसरा हिशेब. एक एल्क पडला तर खाटीकखान्यात कापून, गुंडाळून, गोठवून घ्यायला 350 च्या आसपास, बर्फ आणि ड्राय आइस 70, गेम बॅग (मांसाच्या कापडी पिशव्या) 50, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या रोगाची तपासणी 25, एक जादा रात्र आणि जेवण 100. झाले 595. घोड्यांवरून मांस बाहेर काढून घेतलं तर आणखी 500 तरी धरा. हे पैसे कोण देणार ते घरून निघण्यापूर्वी ठरवा. आमचं मत विचाराल तर तिघांनी खर्च आणि मांस दोन्ही समान वाटून घ्यावं, गोळी कोणाचीही असो. ओझं तिघेच वाहणार असतात.

पैसे कमी पडत असतील तर मोटेल आणि खाण्यात काटा, बूट आणि कूलरमध्ये नाही. महागडा कॅमोफ्लाज पोशाखही बंदुकीच्या हंगामात अनावश्यक. कोलोरॅडोत अंगावर 500 चौरस इंच फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. आतून लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे घाला. सुती कपडा घामाने भिजला की थंडीत वाळत नाही.

दिवस कसे बांधायचे

दुसरा हंगाम नऊ दिवसांचा असतो, सगळे नऊ घ्यायची गरज नाही. दोन दिवस जायला, एक दिवस कॅम्प लावायला आणि दुर्बिणीने डोंगर पाहायला, पाच दिवस शिकार, एक दिवस मांसासाठी राखीव, दोन दिवस परतीला: अकरा दिवस. राखीव दिवसाला हात लावू नका. शेवटच्या संध्याकाळी नर पडतो, दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं, मग मांस रात्रीतून घाईघाईने कोंबलं जातं आणि वाटेत आंबतं.

पहिल्या दिवशी डॅलस ते कोलोरॅडोतलं ट्रिनिडाड, सुमारे 610 मैल. ट्रिनिडाड 6,000 फुटांवर आहे, तिथे झोपलात की शरीर उंचीशी जुळवून घ्यायला लागतं. दुसऱ्या दिवशी डेन्व्हर, आय-70, रायफल आणि तिथून उत्तरेला मीकर. मीकर गावच कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंच आहे, आणि कॅम्प 8,500 ते 9,500 फुटांवर पडतो. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, मळमळलं तर ते थकव्यावर ढकलू नका. पाणी प्या, चढणं थांबवा, आणि त्रास वाढला तर खाली उतरा. औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा.

आय-70 वर डेन्व्हरच्या पश्चिमेला, मॉरिसन ते डॉटसेरो, 1 सप्टेंबर ते 31 मे ट्रॅक्शन कायदा लागू असतो. टायरची नक्षी पुरेशी खोल हवी, आणि फोर-व्हील ड्राइव्ह किंवा बर्फाचे टायर नसतील तर टायरवर चढवायच्या साखळ्या सोबत हव्यात. ऑक्टोबरच्या शेवटी बर्फ पडणं अगदी नेहमीचं. साखळ्या घरच्या ड्राइव्हवेवर एकदा चढवून पाहा, मोजमाप चुकलं असेल तर तिथेच कळेल.

विमानाने जायचं तर बंदूक रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन काउंटरवर सांगून सामानात द्यावी लागते. गोळ्या मूळ खोक्यात, बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा 11 पौंड. बेअर स्प्रे आणि गॅसचे डबे विमानात कुठेच चालत नाहीत, ते तिथे पोचून घ्या. ड्राय आइस माणशी 5.5 पौंडांपर्यंत, कंपनीच्या परवानगीने. 180 पौंड मांस अशाने येत नाही. तिघांनी रस्त्यानेच जावं.

नकाशा आणि अंतर

युनिट ठरल्यावर फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटार वाहन वापराचा नकाशा उतरवून घ्या. कोणता रस्ता कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे ते त्यात असतं. जंगलात नेटवर्क नसतं, म्हणून अॅपमधले नकाशे घरीच डाउनलोड करा. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: कोलोरॅडोतली स्टेट ट्रस्टची, म्हणजे राज्याच्या मालकीची, जमीन सरसकट शिकारीला खुली नाही, फक्त भाडेकराराने खुली केलेलीच.

आत किती जायचं? एका खेपेत माणूस 60 पौंड नीट वाहतो. 180 पौंडांच्या तीन खेपा, आणि बंदूक, शिंगं, पाणी धरून चौथी. तिघे असाल तर दोन फेऱ्यांत उरकतं. एकटा माणूस तीन मैल आत गेला तर चार फेऱ्यांचं चालणं 20 मैलांच्या पुढे जातं, अर्धं ओझ्यासकट. तिघांसाठी दोन मैल ही आमची मर्यादा. त्यापलीकडे जायचं तर आधी घोड्यांवरून मांस वाहून आणणाऱ्या स्थानिक पॅकरशी बोलून ठेवा.

एल्क पडल्यावर

पहिलं काम टॅग. तो भरा आणि लागलीच जोडा. त्याआधी, गोळी झाडण्यापूर्वी, शिंगं मोजलेली असली पाहिजेत: बऱ्याच युनिटांत एका शिंगाला चार टोकं किंवा पाच इंचांचं कपाळाजवळचं टोक असलेला नरच चालतो.

मांस नासतं ते उष्णतेने, आणि ती सर्वाधिक टिकते मागच्या मांडीच्या सांध्यात, हाडाभोवती. बाहेर गारठा असला तरी कातडं न काढलेली मांडी आतून रात्रभर गरम राहते आणि सकाळी हाडाजवळ आंबूस वास येतो. म्हणून पोट न फाडता करायची पद्धत घ्या. जनावर कुशीवर ठेवा, पाठीच्या कण्यावरून कातडं चिरून खाली सोला. पुढचा पाय सांध्याविना असतो, सुरीने सरळ सुटतो. मागच्या मांडीत खुब्याचा गोल सांधा शोधून त्याभोवती कापा. मग कण्यालगतचा बॅकस्ट्रॅप (पाठीच्या मांसाची लांब पट्टी), मानेचं मांस, आणि शेवटच्या फासळीमागून हात घालून आतली टेंडरलॉइन काढा. उलटवा आणि दुसरी बाजू तशीच. दोघांना दोन-तीन तास लागतात. लिंगाची खूण एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेलीच ठेवा, ती कापली गेली तर दंड होतो.

तुकडे श्वास घेणाऱ्या कापडी गेम बॅगमध्ये भरून सावलीत टांगा. प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत गरम मांस कधीही कोंबू नका. पूर्ण गार झाल्यावरच कूलर. एका नराला 120 क्वार्टचे दोन लागतात. तळाशी घरून गोठवून आणलेल्या पाण्याच्या गॅलनभर बाटल्या, वर मांस, निचऱ्याचं बूच उघडं, गाडीत कूलर किंचित तिरका. बर्फाच्या पाण्यात भिजलेलं मांस पांढुरकं पडतं आणि चव जाते. तापमान 40 अंश फॅरनहाइटच्या खाली हवं, एक साधा थर्मामीटर आत टाका.

घरी नेताना क्रॉनिक वेस्टिंग डिसीजचे नियम पाळावे लागतात. बहुतेक राज्यं मेंदू आणि कणा आत येऊ देत नाहीत. हाडं काढलेलं मांस आणि साफ केलेला कवटीचा वरचा भाग शिंगांसह चालतो. वाटेतल्या राज्यांचेही नियम पाहा, न्यू मेक्सिको आणि टेक्सास दोन्हींचे. डोक्याचा नमुना मीकरसारख्या गावातच तपासणीला द्या. बाधित जनावर खाऊ नये असा सीडीसी या अमेरिकेच्या संघीय आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. म्हणून अहवाल येईपर्यंत खिमा करू नका, दोन जनावरांचं मांस मिसळू नका, आणि प्रत्येक पाकिटावर कोणत्या एल्कचं ते मार्करने लिहून ठेवा.